दोन क्लिकचं काम

४ मार्च

चि. खुटखुट्या,

तू आपल्या घरातली घड्याळं उघडून ठेवायचास म्हणून बाबांनी तुला हे नाव दिलं. आज तुझ्या त्याच खुटखुटीवर माझं घर चाललंय आणि तू मात्र समुद्रातल्या खडकावर वारा मोजायची यंत्रं दुरुस्त करत बसलायस. फोन लागत नाही, रेडिओ फक्त सरकारी कामाला. आता मी बोंब मारायची तरी कुणाच्या नावाने?

ह्यांचं बटण बंद पडलंय, रविवारपासून. म्हणजे तुझी ती पेटी उशाशी आहे, वायर आहे, बटण ह्यांच्या बोटाखाली आहे, पण दाबलं तरी टिक वाजत नाही. पडद्यावर अक्षरांच्या ओळीच येत नाहीत. पूर्वी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तुझा प्रोग्रॅम आपोआप उघडायचा, ओळी एकामागून एक उजळायच्या, हे हव्या त्या ओळीला बोट दाबायचे, मग अक्षराला. एका वाक्याला पाव तास लागायचा, पण वाक्य यायचं. आता काही नाही. आपोआपच झालं बहुतेक. मी काही हात लावला नाही.

तू नसताना असलं झालं म्हणजे माझी काय अवस्था होते ते तुला कळणार नाही. चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेला ह्या माणसाचा, धडधाकट होते तेव्हासुद्धा दिवसाला दहा वाक्यं बोलले तर डोक्यावरून पाणी. लग्न झाल्यापासून दोघांचं बोलणं मीच करत आलेय. पण नसांच्या आजाराने आवाज गेला, हात गेले, पाय गेले, उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं, तेव्हापासून त्या टिकटिकीची सवय झाली बघ. छापखान्यातून आलेली प्रुफं मी शेजारच्या टेबलावर तपासते आणि कान तिकडे. आता घर ओकंबोकं वाटतं. डोळे हलतात त्यांचे, पण मनाला येईल तसे. विचारल्यावर हो-नाही सांगतील असं नाही.

आणखी एक. त्या टेकडीवरच्या शुश्रूषा संस्थेचं पत्र आलंय. ह्यांचं नाव म्हणे त्यांच्या यादीत आहे आणि जागा रिकामी झालीय. ९ एप्रिलला तिथल्या बाई घरी येणार, ह्यांना स्वतःला विचारणार. उत्तर पेशंटच्या स्वतःच्या शब्दांत पाहिजे, घरच्यांनी लावलेला अर्थ चालत नाही. त्यांनी अर्जाची प्रतही जोडलीय. अक्षर ओळखीचं वाटतं. असो.

काय करायचं ते लवकर कळव.

तुझी
ताई


१४ मार्च

ताई,

तुझं पत्र काल लाँचने आलं. तेरा दिवस भाऊजी गप्प आहेत हे वाचून जेवण गेलं नाही. आणि हे तुला मिळेल तेव्हा आणखी दहा दिवस झालेले असतील. इथे माझ्यासमोर वीस यंत्रं आहेत, सगळी ठणठणीत. जे एक बिघडायला नको होतं ते तुझ्याकडे.

आता मी सांगतो तसं कर, घाई करू नकोस. आधी पेटीची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला दुसऱ्या खाचेत लावून बघ. पेटीवरचा हिरवा दिवा लागला तर पेटी जिवंत आहे. मग डिव्हाइस मॅनेजर उघड. जाताना तुला एकदा दाखवलं होतं, लक्षात नसेल. स्टार्टच्या बटणावर उंदराची उजवी बाजू दाब, यादी येईल, त्यात ते नाव आहे. आत कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची हजेरी असते: कीबोर्ड, पडदा, स्पीकर. त्यात आपल्या पेटीला मी ‘भाऊजी’ असंच नाव दिलंय. त्या नावावर दोनदा क्लिक कर आणि आत जो संदेश लिहिलेला असेल तो मला शब्दन् शब्द उतरवून पाठव. तुझ्यासारख्या मुद्रितशोधकाला हे काय सांगायचं.

दुसरं, सुरुवातीची यादी बघ. कॉम्प्युटर सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप उघडायचे ती यादी टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ नावाखाली असते. भाऊजींना क्लिक करता येत नाही, म्हणून आपला प्रोग्रॅम मी त्यात घालून ठेवला होता. तिथे त्याच्यापुढे ‘सक्षम’ आहे की ‘अक्षम’ ते बघ. लिहिलेलं काही वाया गेलेलं नाही, काळजी नको. मध्येच बंद पडलं तरी अर्धी राहिलेली ओळ तो जपून ठेवतो आणि पुन्हा उघडला की तिथूनच सुरू करतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बटण चालू नसलं तरी बोट चालू ठेव. डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना? वापरात आहे तोवर आहे. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना बटण दाबायला लाव, टिक वाजो न वाजो. पन्नास वेळा तरी.

संस्थेबद्दल भेटल्यावर बोलू. पण ९ तारखेच्या आत हे चालू झालंच पाहिजे.

तुझा
खुटखुट्या


२५ मार्च

चि. खुटखुट्या,

तुझं पत्र मिळालं. सगळं केलं. हिरवा दिवा लागतो. चारही खाचा झाल्या, एकीत तर मी चुकून टेबलावरच्या पंख्याची पिन घुसवत होते.

मग तुझा तो डिव्हाइस मॅनेजर. ‘भाऊजी’ सापडले. नावाशेजारी खाली तोंड केलेला बारका बाण आहे. पिवळं-लाल काही नाही. आतला संदेश उतरवायला बसले, पण खुटखुट्या, त्याचं मराठी इतकं गचाळ आहे की माझा हात धजेना. असलं वाक्य माझ्याकडे प्रुफात आलं असतं तर मी लेखकाला बोलावून घेतलं असतं. शब्द राहू देत, शेवटी आकडा आहे तो देते: कोड २२. आकडा बरोबर आहे, दोनदा ताडून पाहिला.

स्टार्टअपच्या यादीत आपल्या प्रोग्रॅमपुढे ‘अक्षम’ आहे. हे पहिल्यापासूनच असेल.

परवा, म्हणजे २३ तारखेला, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याला बोलावलं. नाहीतर सांगू कुणाला? तो खुर्चीत बसला, दोन मिनिटं माउस फिरवला आणि म्हणाला, ‘ताई, हे सगळं उडवून नवीन टाकू.’ मी म्हटलं, ‘खबरदार, उडवायच्या गोष्टी स्वतःच्या घरी उडवा.’ तर तो हसला आणि चहा पिऊन गेला. जाता जाता म्हणाला, ‘पेटीला काही झालेलं नाही हो, कुणीतरी…’ आणि तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून मी आत पळाले. त्याचं काय ऐकायचं? तो झेरॉक्स काढताना पानांचे क्रम चुकवतो.

बोटाचं म्हणशील तर मी हात चोळून देते. तेल लावून, प्रत्येक पेर. बटण दाबायला मात्र हे तयार होत नाहीत. पहिले दोन दिवस दाबत होते. मग सोडून दिलं. उत्तर येत नाही तर दाबायचं कशाला, असं त्यांना वाटत असेल. मीही आग्रह धरला नाही. निम्मा वेळ खिडकीकडे बघतात, निम्मा वेळ माझ्याकडे. माझ्याकडे बघतात तेव्हा मी काहीतरी बोलत राहते. काल त्यांना अख्खं प्रूफ वाचून दाखवलं, पंप दुरुस्तीवरच्या पुस्तकाचं.

त्या बाई यायला पंधरा दिवस आहेत. मला वाटतं त्यांना कळवून टाकावं की ह्यांना यायचं नाही. तुझं काय मत?

ताई


५ एप्रिल

ताई,

हे लिहायला तासभर घेतोय आणि तीन कागद फाडलेत.

कोड २२ चा अर्थ ठरलेला आहे. जगात कुठल्याही कॉम्प्युटरवर तो एकाच कारणाने येतो. वायर सैल झाली तर वेगळा आकडा, पेटी जळली तर वेगळा, आतली फाइल हरवली तर वेगळा. बावीस म्हणजे कुणीतरी त्या नावावर उजवं क्लिक करून ‘अक्षम करा’ म्हटलंय, कॉम्प्युटरने ‘नक्की का?’ असं विचारलंय, आणि त्या माणसाने ‘हो’ म्हटलंय. हे आपोआप होत नाही. खाली तोंड केलेला बाणही तेच सांगतो.

झेरॉक्सवाल्यावर ढकलता आलं असतं, पण तो तेवीसला आला आणि बटण एक तारखेपासून बंद आहे. भाऊजींना माउस धरता येत नाही. घरात तिसरं कुणी नाही. आणि ते क्लिक कसं करायचं हे मीच तुला शिकवलं होतं, अडकलं तर बंद करून पुन्हा चालू करायला. तू विसरली असशील असं मी समजत होतो. तू कधी काही विसरतेस?

मी रागावायला बसलो नाही. मला तो हक्कच नाही. अर्जावरचं अक्षर माझं आहे, तू ओळखलंसच. पण शब्द त्यांचे आहेत. मी निघायच्या आधी दोन दुपारी तू छापखान्यात गेली होतीस, तेव्हा त्यांनी एकेक अक्षर दाबून सांगितलं आणि मी लिहिलं. तुला सांगायचं ते स्वतः सांगणार होते. मी सांगायला हवं होतं. घाबरलो. तुझ्यापासून एवढ्या लांबच्या खडकावर आलो त्यात थोडी ही भीतीही होती, खोटं कशाला बोलू.

ताई, ‘भाऊजी’वर उजवं क्लिक आणि ‘सक्षम करा’. स्टार्टअपमध्येही तसंच. दोन क्लिकचं काम आहे. फक्त दोन. पण हे पत्र तुला नऊच्या आत मिळणार नाही हे लिहितानाच मला दिसतंय. केंद्रप्रमुखांच्या हातापाया पडतोय, रेडिओवरून एक ओळ पाठवू द्या म्हणून.

त्यांना यायचं की नाही ते त्यांना सांगू दे. ‘जायचं’ म्हणाले तर आपण दोघं मिळून रडू. पण बोलू दे.

खुटखुट्या


७ एप्रिल
(बंदर कचेरीची चिठ्ठी, हवामान केंद्राकडून रेडिओने आलेला निरोप)

ताईस. कोड २२ म्हणजे हाताने बंद केलेलं. मला कळलं. रागावलो नाही. नऊ तारखेआधी चालू कर. त्यांना विचार. सविस्तर पत्र मागून. खुटखुट्या.


१२ एप्रिल

चि. खुटखुट्या,

तुझं सविस्तर पत्र अजून यायचंय, पण चिठ्ठी आठ तारखेला दुपारी मिळाली. वेळेवर मिळाली. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे मला पळवाट उरणार नाही.

मीच बंद केलं. आकडाही बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. शब्द लपवले आणि आकडा खरा लिहिला. खोटा आकडा लिहायला हात वळेना, जन्मभर छापलेलं बरोबर करायचीच सवय.

ऐक आता. २८ फेब्रुवारीला संस्थेचं पत्र आलं. एक तारखेला सकाळी ह्यांना अर्ज दाखवला आणि विचारलं, ‘हे कुणाचं काम?’ ह्यांनी लिहिलं, ‘मी’. मी म्हटलं, ‘का?’ मग टिक टिक सुरू झालं. मी पलंगाजवळ उभी होते, पडद्याकडे बघत. ‘मला तिकडे पाठव’ एवढं यायला दहा मिनिटं गेली. मग ‘कारण’. मग ‘तू’.

मला पुढचं सगळं ऐकू आलं, त्यांनी लिहायच्या आधीच. तू चिडतेस. तू कूस वेळेवर बदलत नाहीस. तू बोलून बोलून कान किटवतेस. तू पंधरा दिवसांपूर्वी भात भरवताना वाटी आपटलीस. सगळं खरंच आहे रे, काही खोटं नाही. पण इतकी वर्षं संसार केला, तीन वर्षं ह्यांचं अंग माझ्या अंगावर पेललं, आणि हे मला कारणं देऊन सोडून जाणार, तेही यादीत नाव घालून, माझ्या भावाकडून! डोकं फिरलं. माउस उचलला. ‘नक्की का?’ असं त्याने विचारलं. मी ‘हो’ केलं.

ह्यांनी नंतर पाच-सहा वेळा बटण दाबलं. टिक नाही. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना दिसत होतं मी काय केलं ते, पडदा त्यांच्या समोरच होता. दुसऱ्या दिवशी उघडू नये म्हणून स्टार्टअपमधूनही काढलं. मला वाटलं, दोन दिवस. राग जाईपर्यंत. मग दोनाचे चार झाले, आणि प्रत्येक दिवशी चालू करणं आदल्या दिवसापेक्षा अवघड. चालू केलं की पहिलं वाक्य तेच पुढे येणार ना. म्हणून तुला ‘बिघडलं’ असं कळवलं. वाटलं, तुझ्या हातून सुरू झालं तर ते माझ्यावर येणार नाही.

आठ तारखेला तुझी चिठ्ठी मी पदराला बांधली आणि दिवसभर घरात फिरले. चार वेळा माउसला हात लावला. नऊला बाई आल्या. चांगल्या होत्या, मऊ बोलणाऱ्या, आल्या आल्या ह्यांचा हात हातात घेतला. म्हणाल्या, ‘तुम्हाला आमच्याकडे यायचंय का? तुमचं तुम्ही सांगा.’ ह्यांनी बाईंकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग माझ्याकडे, आणि नजर हलेना. मी म्हटलं, ‘यंत्र बिघडलंय हो. पण ह्यांना यायचं नाही, मला माहितीय.’ बाईंनी लिहिलं, ‘संमती मिळू शकली नाही.’ जागा दुसऱ्याला गेली. दारापर्यंत पोचवायला गेले तर त्या म्हणाल्या, ‘तुम्हीही जरा झोपत जा.’

बाई गेल्या आणि मी आत येऊन दोन क्लिक केले. जागा गेल्यावर केले, बघ माझी हुशारी. बाण गेला. आत लिहून आलं, ‘भाऊजी: हे डिव्हाइस योग्यरित्या कार्य करत आहे.’ ‘योग्यरित्या’ चूक आहे, ‘योग्य रीतीने’ पाहिजे, पण त्या क्षणी मी तेही माफ केलं. प्रोग्रॅम उघडला. तू म्हणालास तसंच, ओळ जपून ठेवलेली. ‘मला तिकडे पाठव कारण तू’. पुढे बारीक रेघ लुकलुकतेय.

मी ह्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, ‘चुकले. आता लिहा काय लिहायचं ते. शिव्या द्या. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही.’ बोट बटणावर ठेवलं. ओळी उजळल्या, विझल्या, पुन्हा पहिल्यापासून. हे दाबत नाहीत.

आज तीन दिवस झाले. रुसलेत. रुसू देत, त्यांचा हक्क आहे. पण किती दिवस? तू त्यांच्यासाठी वेगळं चार ओळी लिही, मी वाचून दाखवीन. तुझं ऐकतील. आणि बटण फार जड आहे का, तेही सांग. दाब कमी-जास्त करायची काही सोय ठेवली होतीस ना?

तुझी
ताई


२२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ खडकाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. इथे रडलं तर कुणाला ऐकू जात नाही, एवढी एक सोय आहे.

तुला बोल लावत नाही. लावायचाच तर निम्मा मला लाव. पण मला एक भीती वाटते आणि ती लिहावी लागेल. भाऊजी रुसले नसतील. चाळीस दिवस ते बोट वापरलं गेलेलं नाही. डॉक्टरांना बोलाव. लगेच, पत्र खाली ठेवून.

तोवर हे कर. प्रोग्रॅममध्ये वर उजव्या कोपऱ्यात चाकाचं चित्र आहे, तिथे ‘दाब’ म्हणून एक आकडा आहे. मी ४० ठेवलाय. तो २० कर, एक दिवस बघ. मग १०, मग ५. आकडा जितका कमी तितक्या हलक्या स्पर्शाला टिक वाजेल. ५ च्या खाली जाऊ नकोस, मग ते भलत्याच गोष्टीलाही वाजतं. अक्षरं उजळायचा वेगही निम्मा कर.

आता त्यांनी मला सांगितलं होतं ते. तेव्हा मी एका कागदावर उतरवून घेतलं, तो कागद माझ्या पाकिटात आहे. जसंच्या तसं देतो. ‘तिची झोप गेली. मला उचलताना तिची पाठ मोडते. तिला परत छापखान्यात जाऊ दे. मी सांगायला गेलो की ती मध्येच बोलते.’ शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना हसू येत होतं, डोळ्यांत दिसत होतं.

म्हणजे ‘कारण तू’च्या पुढे काय होतं हे आपल्याला माहीत आहे ताई. ‘कारण तू दमलीस.’ असंच काहीतरी. तू ते वाक्य पुरं करून टाक. कीबोर्डवरून लिही आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांनाही बरं वाटेल की तुला कळलं.

मी सुट्टीचा अर्ज दिलाय. बदली माणूस आला तर पुढच्या महिन्याच्या सोळा तारखेच्या लाँचने निघतो. गालाला, भुवईला, जिथे काही हलत असेल तिथे बटण बसवून बघू. मी येतोच.

तुझा
खुटखुट्या


५ मे

चि. खुटखुट्या,

पत्र खाली ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

ते येईपर्यंत दाब २० केला. काही नाही. १०, काही नाही. दुसऱ्या दिवशी ५. काही नाही. मग तुझं न ऐकता १ केला. ह्यांचं बोट बटणावर ठेवून मी स्वयंपाकघरात कणीक मळायला गेले. आणि टिक वाजली. मग पुन्हा. टिक, टिक, टिक. पिठाच्या हातांनी धावत आले रे. पडद्यावर ‘कारण तू’च्या पुढे अक्षरं उमटत होती. ल, ल, ल, घ, ल, ण. मला वाटलं बोट थरथरतंय, जरा वेळ लागेल, पण बोलतायत. मी ओरडलेच, ‘लिहा, लिहा, सावकाश लिहा!’

ह्यांचं बोट बटणावरून केव्हाच घसरलं होतं. चादरीवर पडलं होतं. टेबलावरच्या पंख्याच्या वाऱ्याने खिडकीचा पडदा उडत होता आणि त्याची कड बटणाला लागत होती.

पंखा बंद केला. सगळं थांबलं.

संध्याकाळी डॉक्टर आले. बोटाला टाचणी टोचून बघितली, वाकवून बघितलं, गाल बघितले, भुवया बघितल्या. म्हणाले, ह्या आजारात ते जाणारच होतं, आज ना उद्या. मी विचारलं, ‘रोज वापरलं असतं तर?’ ते बॅग आवरत म्हणाले, ‘महिना-दोन महिने टिकलं असतं कदाचित. सांगता येत नाही.’ महिना-दोन महिने, खुटखुट्या. दिवसाला चार वाक्यं धर. एवढी वाक्यं मी खाल्ली.

तू भुवईचं म्हणतोस. ये आणि बघ. पण डॉक्टरांनी मान हलवली ती मी पाहिलीय, तुला खोटी आशा लावत नाही.

ते खिडकीच्या पडद्याने लिहिलेलं सगळं मी पुसून काढलं. एकेक अक्षर मागे जात, ‘तू’पर्यंत. तिथे थांबले. इतकी वर्षं प्रुफं तपासतेय, अपुरं वाक्य ठेवून माझ्या हातून पान कधी पुढे गेलं नाही. तू म्हणतोस तसं पुरं करायला बसलेही होते. ‘द’ लिहिला. आणि ह्यांचे डोळे माझ्यावर होते.

तुझ्याकडचा कागद जपून ठेव, पण तो तुला सांगितलेला आहे. मला सांगायचं होतं ते वेगळं असेल. ‘कारण तू दमलीस’ असेल. ‘कारण तू ऐकत नाहीस’ असेल. ‘कारण तू’च्या पुढे ह्या माणसाने अजून काय काय ठेवलं असेल, मला काय ठाऊक? मी कधी ऐकून घेतलं? दोघांचं बोलणं मीच करत आले, ह्याचा तोरा होता मला. त्या बाईंसमोरही मीच बोलले. हे एक वाक्य मी नाही पुरं करणार. ‘द’ पुसला.

संस्थेला पत्र लिहिलंय, पुन्हा जागा झाली तर कळवा म्हणून. संमतीचा रकाना कसा भरायचा ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. बाईंना फोन केला तर त्या म्हणतात नियम आहे, पेशंटच्याच शब्दांत पाहिजे.

स्टार्टअपमध्ये आपला प्रोग्रॅम सक्षम करून ठेवलाय. सकाळी कॉम्प्युटर सुरू करते, तो आपोआप उघडतो आणि ती ओळ येते. मी डिव्हाइस मॅनेजरही उघडून बघते, रोज, न चुकता. तिथे लिहिलेलं असतं, ‘भाऊजी: हे डिव्हाइस योग्यरित्या कार्य करत आहे.’ दाब परत ४० वर ठेवलाय. मग खिडकीचा पडदा बांधून ठेवते, ह्यांचं बोट बटणावर ठेवते आणि शेजारी बसते. तासभर. अक्षरं उजळतात, विझतात. मी काही बोलत नाही.

तू सोळाला ये.

ताई